हातचा गेला कुठे?

जुन्या वस्तूंचं काय करावं याविषयी आपल्याकडे दोनच मतं आहेत. एक, माळ्यावर टाकाव्यात. दोन, दिवाणखान्यात मांडाव्यात. पहिलं मत गरिबांचं आणि दुसरं, ज्यांची गरिबी नुकतीच संपली आहे त्यांचं. या दुसऱ्या मताच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत मोठाच पराक्रम गाजवला आहे. ज्या बंबाने तीन पिढ्यांना आंघोळी घातल्या त्यात आता छत्र्या उभ्या असतात. जात्याच्या तळीवर काच ठेवून तिच्यावर चहाचे कप मांडतात. पाटा भिंतीला टेकवून त्याच्यावर कुणी चार रंग फासले, की तो पाटा राहत नाही, 'पीस' होतो. हे सगळं मी आजवर निमूटपणे पाहत आलो. वरवंट्याचं वकीलपत्र काही मी घेतलेलं नाही.

पण आता या मंडळींची नजर आकडेमोडीच्या यंत्रांवर पडली आहे, आणि इथं मात्र मला तोंड उघडणं भाग आहे.

आमचे एक स्नेही आहेत. नोकरीतून निवृत्त, तब्येतीने सुरेख आणि हौसेला उधाण. त्यांनी जुन्या बाजारातून एक फॅसिट आणलं. ज्यांनी जुन्या कचेऱ्यांत उमेदवारी केली आहे त्यांना फॅसिट म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. हे मूळचं स्वीडनचं, हाताने फिरवायचं हिशोबाचं यंत्र. बटणं दाबून आकडा मांडायचा आणि उजवीकडचा दांडा फिरवायचा. पुढे एक फेरा म्हणजे बेरीज, उलटा फेरा म्हणजे वजाबाकी. गुणाकार म्हणजे पुष्कळ बेरजा. आणि भागाकार तर मोठा गमतीचा! उलटे फेरे मारत राहायचं. घंटी वाजली की समजायचं, हाव जास्त झाली. मग एक फेरा पुढे मारून घेतलेलं परत द्यायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं. हाव जास्त झाली की घंटी वाजवणारं दुसरं यंत्र मी कचेरीत तरी पाहिलेलं नाही.

तर या फॅसिटच्या पोटातली चाकं आमच्या स्नेह्यांनी काढून टाकली, आत वायर घातली, वर शेड बसवली आणि त्याचा टेबललॅम्प केला. दांडा पुढे फिरवला की दिवा लागतो, मागे फिरवला की विझतो.

"कशी काय आयडिया?" त्यांनी विचारलं.

"आणि बेरीज?"

"बेरीज काय, मोबाईलवर होतेच की!" ते म्हणाले आणि दिवा लावून दाखवला. वहिनींनी चहा आणला म्हणून मी गप्प बसलो. चहा चांगला होता. पण दिव्याच्या त्या उजेडात मला एकच दिसत होतं. दिव्याला सगळं होतं, फक्त हातचा नव्हता.

हातचा! वाचकहो, काय शब्द आहे पाहा. सात आणि पाच बारा, बारातले दोन खाली, हातचा एक. इंग्रजीत तो वाहून नेतात, हिंदीत हासिल करतात. आपण मराठी माणसं त्याला हातात धरून ठेवतो. पाटीवर बेरीज करताना डाव्या हाताचं एक बोट दुमडलेलं असायचं, कारण त्यात तो 'एक' होता. बोट सुटलं की बेरीज चुकली आणि बेरीज चुकली की मास्तरांचा हात सुटला. आमच्या पिढीने नीतिशास्त्राचा जो काही अभ्यास केला तो एवढाच, की या घरातलं जास्तीचं पुढच्या घरात पोचवायचं असतं, मध्येच गिळायचं नसतं.

आणि गंमत अशी, की हिशोबाच्या यंत्रांचा बराचसा इतिहास हा या हातच्याचाच इतिहास आहे. आकडे मोजणारं चाक कुणीही करील. दहा दाते पाडले की झालं. पण पहिलं चाक नवावरून शून्यावर आलं, की शेजारच्या चाकाने आपण होऊन एक घर सरकायचं, हे जमवताना भल्याभल्यांना घाम फुटला. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने १६४२ मध्ये या उद्योगाला हात घातला तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. वडील रूआँ शहरी करवसुलीच्या कामावर होते. रात्र रात्र बेरजा करत बसायचे. मुलाला त्यांची दया आली. आजकालच्या मुलाला आली असती तर त्याने कानात यंत्र घातलं असतं. पास्कलने यंत्र केलं. त्याची युक्ती अशी, की चाक शून्याकडून नवाकडे जाताना एक वजन हळूहळू वर उचललं जायचं. चाक नवावरून शून्यावर आलं की ते वजन सुटून धप्पकन पडायचं आणि पडता पडता शेजारच्या चाकाला एक ढुशी द्यायचं. हातचा पोचला! म्हणजे पास्कलने गुरुत्वाकर्षणाला कारकुनीला लावलं. आणि न्यूटनचा जन्म, इंग्लंडच्या त्या वेळच्या पंचांगाप्रमाणे, त्याच १६४२ च्या नाताळातला. नियम पाळण्यात आणि यंत्र पळवण्यात आधी कोण, हे यावरून समजावं.

पुढे जर्मनीत लाइबनिट्झने गुणाकार करणारं यंत्र केलं. मोठा तत्त्वज्ञ. पण त्याच्या यंत्रात एका हातच्यामागून दुसरा हातचा निघाला, की गाडी अडायची आणि बोटाने ढकलून काम पुरं करावं लागायचं. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आयुष्य खर्ची घातलं, सरकारचे पैसे खर्ची घातले, आणि यंत्र कागदावरच राहिलं. शेवटी लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या आराखड्यावरून त्याच्या जन्माच्या दुसऱ्या शताब्दीला, म्हणजे १९९१ मध्ये, ते बांधून पुरं केलं. नुसत्या गणिताच्या भागातच चार हजार सुटे भाग आहेत. दांडा फिरवला, की यंत्राच्या पाठीमागे गोल जिन्यासारख्या रचलेल्या छोट्या छोट्या हातांची लाट खालून वर जाते. ती लाट म्हणजे हातचा. बॅबेजला मराठी येत नव्हतं, तरी त्याच्या यंत्रात हातच्यासाठी खरोखरचे हात आहेत!

आणि कुर्टा. कुर्ट हेर्झस्टार्क हा ऑस्ट्रियाचा यंत्रज्ञ. नाझींनी त्याला बूखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. तिथं त्याने डोक्यातल्या यंत्राचे आराखडे कागदावर उतरवले. युद्ध संपलं, तो जिवंत राहिला आणि १९४८ पासून चिमुकल्या लिक्टेनस्टाइन देशात ते यंत्र तयार होऊ लागलं. मुठीत मावेल एवढं, दिसायला थेट जेवणाच्या टेबलावरच्या मिरपुडीच्या चक्कीसारखं. लाइबनिट्झच्या यंत्रात प्रत्येक घराला वेगळा दातेरी पिंप लागायचा. हेर्झस्टार्कने सगळ्या घरांना मिळून मधोमध एकच पिंप ठेवला आणि भोवती घरं बसवली, जशी वाड्यात मधे एक विहीर आणि भोवती बिऱ्हाडं. जिथं माणसाच्या अंगावर नावाऐवजी नंबर होता तिथं बसून एक माणूस नंबरांना शिस्त लावत होता, हे आठवलं की मला त्या चक्कीची थट्टा करवत नाही.

आता हे सगळं कशासाठी सांगितलं? तर माझ्यावर 'जुन्याला चिकटलेला म्हातारा' हा आरोप होईल, तो आधीच खोडून काढावा म्हणून. यंत्राला नवं रूप देऊ नये असं मी म्हणतच नाही. लाइबनिट्झचं पिंप हेर्झस्टार्कने मुठीत आणलं, हे नवं रूपच. मी एवढंच म्हणतो, की रूप काय वाटेल ते द्या, यंत्राचा चेंडू करा, चेंडूचं यंत्र करा, पण हातचा शाबूत ठेवा. कसोटी एकच. नव्याण्णवात एक मिळवला तर काय होतं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

या कसोटीला उतरणारे खेळ जगात आहेत, आणि ते करणाऱ्यांना मी दंडवत घालतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात 'डिजि-कॉम्प टू' नावाचं एक खेळणं निघालं होतं. उतरती फळी, तिच्यावर फिरक्या, आणि वरून सोडायच्या गोट्या. फिरकीवर गोटी आदळली की ती एका बाजूला कलते. तो झाला एक. दुसरी गोटी आली की फिरकी परत मूळ जागी, म्हणजे शून्य, आणि ती गोटी पुढच्या फिरकीवर घरंगळत जाते. ती पुढे जाणारी गोटी म्हणजे हातचा! ना वीज, ना बॅटरी. गोट्या खेळतो म्हणून ज्यांनी मार खाल्ला त्या सर्वांनी हे वाचून एक क्षण मूक उभं राहावं.

मँचेस्टरच्या विज्ञान महोत्सवात २०१२ मध्ये मॅट पार्कर नावाच्या गणित्याने सोबत्यांना घेऊन सुमारे दहा हजार डॉमिनोच्या सोंगट्या जमिनीवर मांडल्या आणि त्यांच्याकडून बेरीज करवून घेतली. एक सोंगटी पडली की दुसरी पडते, ती तिसरीला पाडते, आणि पडापडीचं शेवटचं टोक म्हणजे उत्तर. मांडायला तासच्या तास, पडायला काही क्षण, आणि पुढची बेरीज करायची तर पुन्हा दहा हजार सोंगट्या उभ्या करा! आमची ही म्हणाली, "म्हणजे आपला स्वयंपाकच की." मी उत्तर दिलं नाही. अँड्र्यू कॅरल या अमेरिकन माणसाने तर लेगोच्या ठोकळ्यांतून बॅबेजचं यंत्र केलं, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीकांचं ग्रहणं वर्तवणारं यंत्रही लेगोतून उभं केलं. हौशी मंडळी कुर्टा तिप्पट मोठा करून प्लॅस्टिकमध्ये छापतात, म्हणजे आतलं नीट दिसावं. हा खरा खेळकरपणा! यात यंत्राची थट्टा नाही, यंत्राशी थट्टा आहे. मेव्हणा आणि परका यांच्याशी केलेल्या थट्टेत जो फरक, तोच हा.

आता दुसऱ्या बाजूचे नमुने पाहा. टेबललॅम्प सांगून झाला. त्याच्यापेक्षा चलाख प्रकार म्हणजे काचेवरचे मणी. मोबाईलवर मणिचौकट उमटते, बोटाने मणी सरकवायचे. मणी मण्यावर आपटला की 'टक्' असा आवाजही येतो. तो टक् दुसरीकडे कुठं तरी वाजवून भरून ठेवलेला असतो. या काचेत बेरीज आधीच होऊन गेलेली असते. मणी फक्त नाटकात काम करत असतात. हातच्याची भूमिका आहे, हातचा नाही. आपल्याकडे 'हातचं राखून' असा एक वाक्प्रचार आहे. आजची सगळी चकचकीत यंत्रं हातचा राखूनच बोलतात. उत्तर देतात, पण ते आलं कुठून याचा पत्ता लागू देत नाहीत.

तिसरा नमुना नाजूक आहे, कारण तो प्रत्येक गल्लीत आहे. मणिचौकटीचे क्लास. मणिचौकटीशी माझं काही वैर नाही. टोकियोत १२ नोव्हेंबर १९४६ रोजी एक सामना झाला. एका बाजूला जपानी टपाल खात्याचा किओशी मात्सुझाकी आणि त्याची लाकडी सोरोबान, दुसऱ्या बाजूला अमेरिकन सैनिक थॉमस वुड आणि विजेवर चालणारं हिशोबयंत्र. सोरोबानने ४-१ असा विजय मिळवला. हे वाचून माझी छाती आजही फुगते, वास्तविक मी जपानी नाही. पण आपण त्यातून काय घेतलं? वेग! तेवढा एकच मणी आपण उचलला. सात वर्षांचं पोर हवेत बोटं नाचवत मिनिटात वीस बेरजा करतं आणि चषक घेऊन येतं. चषक फ्रिजवर. आमच्या बिल्डिंगमधल्या अशाच एका चषकधारी कन्येला मी विचारलं, "बाळ, दहा मणी झाले की शेजारच्या तारेवर एकच मणी का गं सरकवायचा?" ती म्हणाली, "काका, तसाच रूल आहे." चौकट तिच्या हातात होती, उत्तर तिच्या बोटांत होतं, आणि प्रश्न कुणी तिच्यापर्यंत पोचूच दिला नव्हता. तिच्या बोटांचा दोष नाही. आपण लगोरीची शर्यत केली आणि लगोरी रचायची असते हे सांगायचं राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, कशाला एवढा त्रागा? यंत्र भंगारात जाण्यापेक्षा दिवा झालेला काय वाईट? अहो, भंगारवाला निदान प्रामाणिक असतो. तो लोखंडाला लोखंड म्हणतो, तोलतो आणि पैसे देतो. तो पोटातली चाकं काढून त्याला 'वारसा' म्हणत नाही. वाघाच्या कातड्यात भुसा भरून जंगल वाचवल्याचं पुण्य कुणी मागू नये.

आणि तुम्ही असंही म्हणाल, की हातचा दिसला काय आणि न दिसला काय, उत्तर बरोबर आल्याशी कारण. इथंच खरी गोम आहे. उत्तर बरोबर आहे हे तुम्हाला कोण सांगतं? गेल्या पावसाळ्यात आम्ही उभयता दीड महिना लेकीकडे होतो. घर बंद. परत आलो तर दोन खोल्यांचं विजेचं बिल अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. मी संबंधित खिडकीपाशी गेलो. खिडकीतल्या तरुणाने माझा नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं आणि सौम्यपणे सांगितलं, "काका, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय."

"पण सिस्टीमनं ते काढलं कसं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाभाऱ्यात शिरून देवाला रेशनकार्ड विचारलं. तो उद्धट नव्हता. त्यालाही खरंच माहीत नव्हतं. त्याला आकडा दिसत होता, आकड्यामागचा हातचा त्याच्यापासूनही राखलेला होता. पुढे चार खेपांनंतर निघालं, की वाचनात एक आकडा जास्तीचा पडला होता. पूर्वी चोपडीतली बेरीज चुकली तर कारकुनाच्या खांद्यावरून बोट दाखवून म्हणता यायचं, "भाऊसाहेब, हा हातचा धरला नाहीत." त्या बोटात नागरिकत्व होतं. आता बोट दाखवायला जागाच नाही. आणि ज्याला बोट दाखवता येत नाही त्याने अंगठा दाबावा, एवढंच उरतं.

म्हणून माझं भांडण दिव्याशी नाही. लहानपणी स्कूटरच्या मीटरवर ९९९९ चे १०००० होताना पाहायला आम्ही वडिलांना गाडी हळू चालवायला लावायचो. चार नऊ एका दमात कलंडायचे आणि डावीकडून एक हळूच वर यायचा. सूर्योदय पाहायला आम्ही कधी इतके हौसेने उठल्याचं स्मरत नाही. आता नव्या गाडीत काचेवर आकडा बदलतो. एक होता, आता दुसरा आहे. मधला सोहळाच रद्द.

आणि हे नुसतं रडगाणं नको म्हणून मी एक उद्योग केला. आमच्या सुताराला धरून एक फळी करवून घेतली. तीन लाकडी पन्हळी, खाली आस. एकं, दहं, शतं. पन्हळीत नऊ गोट्यांपर्यंत काही होत नाही. दहावी गोटी आली की वजनाने पन्हळ कलंडते, नऊ गोट्या खालच्या डब्यात आणि एक शेजारच्या पन्हळीत. पास्कलचीच युक्ती, फक्त सागवानी. पन्हळी नेमक्या दहाव्या गोटीला कलंडाव्यात म्हणून सुताराने तीनदा आस हलवला आणि तीनदा माझ्या शिक्षणाची चौकशी केली. पण शेवटी जमलं. मग ती चषकधारी कन्या आली. तिने दोन्ही पन्हळींत नऊ नऊ गोट्या भरल्या आणि शेवटची गोटी हातात धरून थांबली. मी काही बोललो नाही. तिने ती सोडली. धड्! एकंची पन्हळ कलंडली. धड्! लगेच दहंची. आणि शतंच्या रिकाम्या पन्हळीत एकुलती एक गोटी येऊन थबकली. पोरगी दोन मिनिटं नुसती पाहत राहिली. मिनिटात वीस बेरजा करणारी पोरगी! मग म्हणाली, "काका, म्हणजे बाकीच्या गेल्या नाहीत. त्या सगळ्या या एकीतच आहेत."

रूल संपला आणि गणित सुरू झालं ते इथं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्यांना जुनी हिशोबयंत्रं नव्या रूपात आणायची हौस आहे त्यांनी खुशाल आणावीत. गोट्यांची करा, पाण्याची करा, उतरंडीच्या मडक्यांची करा, पुठ्ठ्याची करा. दर नगरपालिकेच्या शाळेत अशी एक फळी असावी. तिला लागतं काय? थोडं लाकूड, तीस गोट्या आणि सहनशील सुतार. क्लासवाल्यांनी वर्षातले पहिले चार महिने घड्याळ कपाटात ठेवावं. आणि पडद्यांमागे बसलेल्या थोर लोकांनी बिलाच्या पाठीवर निदान एवढं छापावं, की हा आकडा कुठल्या घरातून कुठल्या घरात, कसा आला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं आपले वाडवडील सांगून गेले. ते बहुधा हिशोबाविषयीच बोलत असावेत.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी दिव्याचा दांडा फिरवून पाहावा. कितीही फेरे मारा, घंटी काही वाजणार नाही.